प्रगतीला बसवायचंय

मी बाक बोलतोय. पाचवीच्या वर्गातला, खिडकीजवळचा. लोकांना बसवून घेणं हा माझा धंदा. त्यामुळे बसणं आणि बसवणं यातलं मला इतरांपेक्षा चार गोष्टी जास्त कळतात, असा माझा समज होता. गेल्या जूनमध्ये याच शब्दानं मला असं काही घाबरवलं की तो सोमवार आठवला तरी अजून माझी फळी थंड पडते.

माझा जन्म भोरचा. गेनू वेल्डरनं लोखंडी पाइप कापून माझे पाय जोडले आणि वर बसायला आणि लिहायला लाकडी फळ्या ठोकल्या. ठोकताना तो सारखा मोबाईलवर बोलत होता, त्यामुळे एक फळी किंचित तिरकी बसली. तिच्यावरून पेन्सिली आजवर घरंगळतात. मग टेम्पोत घालून आम्हाला नसरापूरच्या फाट्यावरून गुंजवणे गावाकडे आणलं. आमची शाळा गुंजवण्याच्या वर, धनगरवाड्यात, पाचवीपर्यंतचीच. टेम्पो खालीच थांबला आणि पुढचा चढ आम्ही माणसांच्या डोक्यावरून चढलो. मला म्हादूनं उचललं होतं. त्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. वर पोचल्यावर त्यानं मला खाली ठेवलं, टॉवेलनं घाम पुसला आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "माझी पोरं बसत्याल ह्येच्यावर."

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, असा तेव्हा नियम होता. परीक्षा यायची आणि पाहुण्यासारखी चहा पिऊन जायची. पोरं माझ्यावर ऐसपैस बसून, जीभ बाहेर काढून चित्रं काढायची, कर्कटकानं माझ्या अंगावर आपापली नावं कोरायची. मोठी माणसं मात्र कुरकुरायची. धड वाचता येत नाही आणि पोरगं सातवीत कसं, असं विचारायची. अशा पोरांना 'ढकलपास' म्हणायचे. कुरकुर अगदीच खोटी नव्हती. काही पोरं माझ्यावरून सहावीत गेली तेव्हा त्यांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

मग नियम बदलला. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा नीट द्यायची. नापास झालं तर पुन्हा परीक्षा. तीही गेली तर त्याच वर्गात. आमच्या रत्ना मॅडमनी हे वर्गात सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा पोरांची भीती जाणवली. बाकाला भीती डोळ्यांनी दिसत नाही, ती खालून कळते. पाय हलायला लागतात, घामेजलेले तळवे फळीला चिकटतात, बूड सारखं पुढंमागं सरकतं.

सगळ्यात जास्त घाबरायची प्रगती. म्हादूची थोरली. नाव प्रगती आणि प्रगतीपुस्तकात सगळी लाल शाई, म्हणून पोरं चिडवायची. पण पोरगी मठ्ठ नव्हती. तोंडी विचारलं की धडाधडा सांगायची. कागद पुढं आला की हिचा डावा हात माझ्या फळीखाली जायचा, फळी आवळून धरायचा, आणि उजव्या हातातला पेन जागच्या जागी थांबायचा. एप्रिलमध्ये गणिताच्या पेपरला तिनं वर आपलं नाव लिहिलं आणि पेपर संपेपर्यंत मला धरून बसली. मी लाकडाचा. "लिही गं" म्हणायचीही सोय नाही.

निकालाच्या दिवशी म्हादू आला, त्याच्याबरोबर त्याची आई चंद्राबाई आली. म्हादू दाराशी उभा राहिला. चंद्राबाई खाली फरशीवर बसली. बाकीच्या विषयांत पोरगी कशीबशी निघाली होती; मॅडमनी गणिताची उत्तरपत्रिका दाखवली.

"जूनमध्ये परत परीक्षा होईल, तारीख मी फोनवर कळवते," मॅडम म्हणाल्या. "पण त्यातही राहिली, तर मात्र पाचवीतच बसवावं लागेल."

"परत पाचवीत?" म्हादू म्हणाला. "ल्हान पोरांच्यात? त्यापरीस म्या घरीच बसवीन की. शेरडांमागं मानूस न्हाईच."

प्रगती माझ्यावरच बसली होती. तिचे पाय एकदम हलायचे थांबले.

चंद्राबाईनं तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हिची पाचवी म्याच पुजली व्हती," ती म्हणाली. "सटवाईपुढं कोरा कागद ठिवला व्हता, लेखनी ठिवली व्हती. बया रातच्याला यिऊन नशीब लिवती म्हनून. आन् पोरीनं कागद तसाच कोरा परत आनला गं बाई."



मे महिन्यात शाळा बंद. पण प्रगती शेरडं घेऊन शाळेमागच्या माळावर यायची आणि खिडकीखालच्या सावलीत बसून पाढे म्हणायची. मला बंद खिडकीतून ऐकू यायचं. सतराचा पाढा अडला की पहिल्यापासून सुरू करायची. मॅडमनी दिलेली गणितं काडीनं मातीत सोडवायची. मातीची तिला भीती नव्हती. मला वाटलं, जमेल हिला. बाकानं आशा करायला काही फी लागत नाही.

जून उजाडला. मॅडम शाळा उघडायच्या आधीच्या कामांसाठी येऊ लागल्या. एका शुक्रवारी त्या माझ्यावर बसून, पुढं कागद पसरून मोबाईलवर कसलीशी माहिती भरत होत्या. माहिती भरता भरता त्यांनी स्पीकरवर म्हादूला फोन लावला. शाळेत रेंज येते, म्हादूच्या घराकडं नाही, पण तो शेरडं घेऊन खिंडीत गेला की तिथं लागते. कान माझेही उभे राहिले. आता तारीख कळणार!

"हॅलो, म्हादूभाऊ? शाळेतून रत्ना मॅडम बोलतेय. प्रगतीचं ठरलंय बरं का. सोमवारी बसवायचंय तिला." पलीकडं वारा घोंगावत होता. "हो, सोमवारी. नाही, आता टाळता येणार नाही, वरून आदेशच आलाय."

"म्हंजी बसिवलीच म्हना की," पलीकडून म्हादूचा आवाज आला. खोल, पडलेला.

मॅडमचं लक्ष कागदांत होतं. "हो हो, बसवायचीच. तुमची काही हरकत नाही ना?"

"आमची कसली हरकत. तुमी शिकल्याली मानसं. बरं."

फोन बंद झाला. मॅडमनी 'पालकांना कळवले' असं पुटपुटत कुठंतरी खूण केली आणि पुढच्या कामाला लागल्या.

माझी मात्र पाचावर धारण बसली. मॅडम, तुम्ही 'परीक्षेला' म्हणालाच नाहीत! तुमच्या डोक्यात परीक्षेला बसवायचं होतं. त्याच्या कानात पाचवीत बसवायचं गेलं. आणि पाचवीत बसवायचं म्हणजे त्याच्या हिशेबी घरी बसवायचं. एवढासा एक शब्द तोंडातून निसटला आणि पोरगी शाळेतून गेली. मी ओरडलो असतो, पण बाक फार तर करकरतो. मी करकरलो. मॅडम म्हणाल्या, "याला तेल द्यायला हवं."

शनिवारी शाळेत कुणी फिरकलं नाही. खिडकीखाली पाढेही म्हटले गेले नाहीत. रविवारी मागच्या माळावरून शेरडांच्या घंट्या वाजत गेल्या, त्यांच्यामागून पावलं गेली, पण ती थांबली नाहीत. आता ती आयुष्यभर अशीच पुढं जात राहणार, असं मनात आलं आणि मला भारी भीती वाटली. शाळेच्या बाकाला कशाची भीती, असं तुम्ही म्हणाल. उद्या तिच्या जागेवर कुणीच बसणार नाही आणि ती का आली नाही हे जगात फक्त मला ठाऊक असेल, याची भीती.

सोमवारी मॅडम लवकर आल्या. मला ओल्या फडक्यानं पुसलं. आमच्या शाळेतून पुन्हा परीक्षा देणारी एकटी प्रगतीच होती. माझ्यावर प्रश्नपत्रिका ठेवली, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून वर डस्टर ठेवलं. मग वाट बघणं सुरू झालं. मॅडम दारात गेल्या, परत आल्या, पुन्हा दारात गेल्या. फोन लावला. म्हादू संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. "काय माणसं आहेत! एवढं सांगूनही पाठवत नाहीत," त्या चिडून म्हणाल्या. प्रश्नपत्रिकेचा कोपरा वाऱ्यानं फडफडत होता. वेळ जात होता आणि मी रिकामा होतो.

तेवढ्यात ओसरीवर पावलं वाजली. आधी म्हातारीची, मग तिच्यामागून हलकी.

चंद्राबाई दारात उभी राहिली. डोक्यावर घोंगडीची खोळ, काखेत फडक्यात बांधलेली पुस्तकं. प्रगती तिच्या पाठीआड.

"मॅडम, ही बुकं घ्या. दुसऱ्या कुनाला तरी व्हतील," चंद्राबाई म्हणाली. "आन् पोरीचा दाखला द्या. बसिवली म्हनं तुमी तिला."

"बसवली नाही हो आजी, बसवायचीय! परीक्षेला! आज परीक्षा आहे तिची!"

"म्हादू तर म्हनला, वरनं आदेश आलाय, बसिवली."

मॅडमनी कपाळावर हात मारला. शुक्रवारचं आपलं बोलणं त्यांना शब्द न् शब्द आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई, मी परीक्षेला म्हणालेच नाही. चुकलं माझं. ये प्रगती, लवकर ये, अजून वेळ आहे."

मला वाटलं, सुटलो. पण प्रगती दोन पावलं मागं सरकली. "मला न्हाई बसायचं," ती म्हणाली. "म्या समदं इसरले. हात चालत न्हाई माजा."

आता ही पळाली तर? दार उघडं, बाहेर माळ मोकळा. चंद्राबाईनं पुस्तकं खाली ठेवली आणि नातीच्या हाताला धरून तिला माझ्यापाशी आणलं.

"न्हाई आलं तर न्हाई आलं," ती म्हणाली. "चुकीचं लिव. पर कोरं ठिवू नगं, बाय माजी. कोऱ्या कागदावर दुसरं कोनबी यिऊन लिवतं."

प्रगती बसली. डावा हात फळीखाली गेला आणि तिनं मला असं आवळलं की तिची नखं रुतली. पेन थांबलेला. ओसरीवर चंद्राबाई भिंतीला टेकून बसलेली. मी आयुष्यात इतका स्थिर कधी राहिलो नसेन. आणि मग पेन हलला. आधी अगदी बारीक, मातीत काडी ओढावी तसा. मध्येच वाऱ्यानं कागद उचलला, तो धरायला तिनं डावा हात वर काढला, आणि तो हात नंतर खाली गेलाच नाही.

पेपर झाल्यावर मॅडमनी तिथंच तपासायला घेतला. आता खरी भीती. कागद माझ्यावर, त्यावर लाल पेन. बरोबरची खूण एका झटक्यात होते, चुकीची दोन रेघांची. मला खालून सगळं कळत होतं. एक झटका. एक झटका. दोन रेघा. पुन्हा दोन रेघा. मग पुन्हा दोन रेघा, आणि माझा जीव फळीच्या फटीत गेला. मॅडमनी बेरीज केली. पुन्हा केली. मग बोटावर केली. प्रगती खिडकीचा गज धरून उभी होती आणि तिच्या श्वासाचा आवाज वर्गभर येत होता.

"आजी, आत या," मॅडम म्हणाल्या.

चंद्राबाई उंबऱ्यातच थबकली. "बसिवली?"

"नाही, उठवली!" मॅडम एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. "थोडक्यात निघाली, पण निघाली. आता सहावीत जायचं, खालच्या गावात."

प्रगती हसली नाही. तिनं कागद घेऊन वरपासून खालपर्यंत सगळं लिहिलेलं आहे ना ते पाहिलं. माझी भीतीही लगेच गेली नाही, आणि खरं सांगायचं तर अजून गेलेली नाही. पुढं आठवी आहे, तिथंही हाच नियम. म्हादूला शेरडांमागं माणूस अजून हवंच आहे, जरी चंद्राबाई "त्येला म्या बघते" म्हणाली असली तरी. माझाही एक पाय हल्ली डुगडुगतो आणि मला अडगळीत टाकायची बोलणी चालू आहेत. बाकाचं काय, तो कुठंही पडेल. पण तुम्ही कुणाच्या लेकराचा निरोप धाडाल तेव्हा वाक्य पुरं करा, एवढं या बाकाचं ऐका.

जाताना मॅडम म्हणाल्या, "दमलात आजी. खाली नका बसू, बाकावर बसा जरा."

चंद्राबाई संकोचली. "नगं बाई. म्या कंदी बसले न्हाई असल्यावर. आमाला कुनी बसिवलंच न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. प्रगतीनं खुणेनंच तिला जागा दाखवली, मग दंडाला धरलं. म्हातारी आधी कडेला टेकली, कुणी ओरडेल की काय अशी दाराकडं बघत. मग हळूच मागं सरकली आणि समोरच्या फळ्याकडं बघत बसली. मी डुगडुगणारा पाय फरशीला घट्ट टेकवला आणि अजिबात हललो नाही.