आईच्या पेशींची ओळखपरेड

आई गेल्यावर भेटायला येणाऱ्यांनी सांगायचं ते सगळं सांगून झालं. मग महिन्याभरानं तिच्या संशोधन विभागातून फोन आला, की आईचा थोडा भाग अजून जिवंत आहे आणि त्याचं काय करायचं ते ठरवायचंय.

बोलत होता तो आईचा शेवटचा विद्यार्थी. विभागात त्याला सगळे ‘पाचवं वर्ष’ म्हणतात. पीएचडीच्या पाचव्या वर्षाला असताना हे नाव पडलं, आणि ते बदलावं असं त्यानंतर काही घडलं नाही. बराच वेळ चाचरून त्यानं विचारलं, "ताई, तुमचं थोडं रक्त मिळेल का?"

घरातलं माणूस गेलं की लोक बरंच काही मागतात. तिची पुस्तकं, तिचं कपाट, एका शेजाऱ्यानं तर तिची पार्किंगची जागा मागितली होती. रक्त मागणारा हा पहिलाच.

मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा फ्रीजवर आईच्या अक्षरातली सूचना अजून होती: ‘यातलं काही खाऊ नये. खाल्लंत तर मला सांगा, नोंद करून ठेवू.’ पाचव्या वर्षानं मला तिच्याच स्टुलावर बसवलं आणि प्रकरण समजावलं. या लोकांची एक रीत आहे. निरोगी माणसाचं रक्त लागलं की जो जवळ असेल त्यानं बाही वर करायची. जवळ नेहमी आईच असायची. घरापेक्षा तिथे जास्त जवळ असायची म्हणा. अशाच एका दिवशी तिच्या रक्तातून तिनं एक टी पेशी वेगळी काढली आणि तिची प्रजा वाढवली. सगळ्या एका छापाच्या, फ्लूच्या विषाणूचा एकच तुकडा ओळखणाऱ्या. आईला आम्ही निरोप दिला तेव्हा या पेशी इन्क्युबेटरमध्ये सदतीस अंशांवर मजेत होत्या.

अडचण त्यांच्या स्वभावाची होती. मी शाळेत असताना आईनं मला हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, कारण जेवणाच्या टेबलावर ती दुसरं काही सांगत नसे. टी पेशीला अख्खा विषाणू दिसत नाही. आपल्याच शरीरातली दुसरी एखादी पेशी विषाणूचे तुकडे करते आणि त्यातला एक तुकडा तळहातावर ठेवल्यासारखा बाहेर धरते. टी पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर तो तळहात आणि तो तुकडा दोन्ही एकदमच चाचपतो. तुकडा बरोबर पण तळहात परका, तर बाई ढिम्म. छातीतल्या एका ग्रंथीत या पेशींची परीक्षा होते. जिला घरचा तळहात कळतच नाही ती नापास, आणि जी त्याला फारच घट्ट धरते तीही नापास. नापास म्हणजे मरण. शंभरातल्या जेमतेम दोन-चार सुटतात. इतका कडक निकाल लावणारी दुसरी संस्था आईला माहीत नव्हती, आणि तिला त्या संस्थेचा हेवा वाटायचा.

तर आईच्या या प्रजेला दर काही दिवसांनी तो तुकडा दाखवावा लागे, नाहीतर ती मरगळून मरे. दाखवणारा तळहात आईचाच लागे. ती ताजं रक्त द्यायची, साठा करायची नाही. मरायचा विचार नसलेल्या माणसासारखं तिचं सगळं नियोजन होतं. आता तिनं शेवटचं दिलेलं रक्तही संपलं होतं. विभागातल्या सगळ्यांचे हात टोचून झाले, एकाचाही जुळेना.

"तुमच्यात मॅडमचा अर्धा वाटा आहे," पाचवं वर्ष म्हणाला. "नेमका तो तळहात त्या अर्ध्यात आला असेल, तर पेशी तुमच्याकडून घेतील. नसेल तर…"

नसेल तर विभागप्रमुख होते. जास्तीच्या पेशी गोठवून ठेवतात त्या नायट्रोजनच्या टाकीतली आईची जागा त्यांना नव्या प्रकल्पासाठी हवी होती. माझा तळहात कुठल्या प्रकारचा ते सांगणारी टिश्यू टायपिंगची चाचणी करून घ्यावी असं पाचव्या वर्षानं सुचवलं होतं, पण तो अहवाल येईपर्यंत थांबायला प्रमुख तयार नव्हते. आईच्या शोकसभेत ते पाऊण तास बोलले होते. विज्ञानाची फार मोठी हानी झाली असं त्यांचं मत होतं, आणि आता त्या हानीनं टाकीचा कप्पा लवकर मोकळा करावा एवढीच त्यांची इच्छा होती.

मी बाही वर केली. पेशींना काही वाटत नाही, हे मला कळत होतं. तरी टाकीतून आई फेकली जाऊ नये एवढं मला हवं होतं. यापेक्षा शहाणं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. पेशींनी प्रतिसाद दिला की प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यांतलं पाणी निळं होतं, आणि माझे सगळे खळगे निळे झाले होते.

"ताई, मॅडमनी ओळखलं तुम्हाला," तो म्हणाला. त्यानं प्रमुखांना सांगितलं होतं, जिन्यात भेटलेल्या सफाईवाल्या मावशींनाही सांगितलं होतं. मी तेव्हा एका जाडजूड पुस्तकाची प्रूफं तपासत होते. त्या दुपारी मला त्यात एकही चूक सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचले तर तो स्टुलावर बसला होता आणि मला बसा म्हणत नव्हता. या लोकांची आणखी एक रीत असते: काही खळग्यांत तुकडा घालायचाच नाही. ते पांढरे राहिले तरच बाकीच्या निळ्याला अर्थ. त्यानं हे बिनतुकड्याचे खळगे दुसऱ्या प्लेटमध्ये लावले होते आणि ती प्लेट बघायच्या आधीच फोन फिरवला होता. आई असती तर तिनं त्याला पहिल्या वर्षात परत पाठवलं असतं. दुसरी प्लेटही निळीच होती. माझ्या पेशी एकट्या ठेवलेल्या ठिकाणी पाणी पांढरं, आईच्या एकट्या ठेवलेल्या ठिकाणीही पांढरं. दोघी एकत्र आल्या की निळं. तुकडा असो वा नसो.

"म्हणजे ओळखलं नाही?"

"ओळखलं. पण…" त्यानं प्लेट खाली ठेवली. "तुमच्यात बाबांचाही अर्धा वाटा आहे ना. परक्या तळहाताकडे या पेशी सहसा बघतही नाहीत, पण एखादाच असा निघतो, आणि बाबांचा त्यांना शत्रूसारखा दिसतोय. तुकडा बघायची गरजच नाही त्यांना. चिडल्यात. आणि त्या गोंधळात मॅडमचा तळहात तुमच्यात आलाय की नाही, ते झाकलं गेलं."

आई-बाबा वेगळे झाले त्याला खूप वर्षं झाली. वकील, मध्यस्थ, दोन समुपदेशक, कोणालाही मूळ कारण सापडलं नव्हतं. एका पेशीला ते दोन दिवसांत सापडलं. मी बाहेर येऊन बाबांना फोन केला आणि जमेल तसं सांगितलं.

"गेल्यावरसुद्धा?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तिला सांग, या वेळी मी खरंच काही केलेलं नाही." आणि मग, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, ते रडले. मी फोन कानाला लावून जिन्यात उभी राहिले.

प्रमुखांनी निकाल ऐकून हळहळ व्यक्त केली आणि टाकीची किल्ली मागितली. पाचवं वर्ष किल्ली शोधू लागला. समोरच लटकत होती, तरी त्याला ती सापडत नव्हती. खिसे चाचपतच तो वरच्या मजल्यावर गेला आणि तिथल्या डॉक्टरबाईंना घेऊन आला. एकाची किडनी दुसऱ्याचं शरीर का झिडकारतं, हे शोधण्यात त्यांचा सगळा विभाग गुंतलेला आहे. त्यांनी दोन्ही प्लेटा उजेडात धरून पाहिल्या. परक्या माणसावर विनाकारण इतक्या चोख चिडणाऱ्या पेशी त्या कधीपासून शोधत होत्या, आणि त्यांच्या टाकीत जागा होती. प्रमुखांनी तेवढ्यात हानी भरून निघाल्याचं सांगितलं आणि ते मीटिंगला गेले.

"पण या नुसत्या ठेवून चालणार नाहीत," बाई मला म्हणाल्या. "त्यांना चिडवायला तुमचंच रक्त लागेल. दर महिन्याला. आईच्या पेशी तुमच्या पेशी मारणार आणि आम्ही ते मोजणार. काही जणांना हे बरं वाटत नाही. विचार करून सांगा."

विचार करण्यासारखं त्यात काही नाही, असं मी म्हटलं. आमच्या घरी हे वर्षानुवर्षं चालूच होतं, फक्त कोणी मोजत नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात उलटे करून शिरा पाहिल्या आणि डावा निवडला.