पोर्टातलं कुंकू

"काकू, कम्प्युटरचा डबाच दुकानात नेतो आन फॉरमॅट मारून टाकतो. नवीन विंडोज टाकलं की ड्रायव्हर असा बसते पाहा," असं म्हणून गोविंदाने चुटकी वाजवली. कोकिळाने त्या चुटकीकडे असं काही पाहिलं, की बिचाऱ्याने हात गुमान खाली घेतला.

"फॉरमॅट म्हंजे सारं पुसणंच ना?"

"हाव. पण जुनं ठेवून करता काय? मशीन पेनड्राइव्हसुद्धा वळखून नाही राह्यलं."

"मंग नाही. ह्याच्यातलं काही पुसायचं नाही. एकडाव सांगतलं, पुन्हा सांगायले लावू नको."

कोकिळा तशी चढ्या आवाजाची बाई नव्हे. पण या एका मशीनपुरतं ती कुणाचं ऐकत नव्हती, आणि का ऐकावं? मशीन भागवतचं होतं. भागवत म्हणजे तिचा नवरा. लोणारातल्या याच घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कम्प्युटर क्लास चालायचा. गावची कितीतरी पोरं इथे कीबोर्डावर बोटं ठेवायला शिकली. आता बसस्टँडमागे रिपेरिंगचं दुकान थाटून बसलेला गोविंदाही त्यातलाच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भागवत आजारी पडला, जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. क्लासची बाकीची मशीनं विकली गेली. सरांचं स्वतःचं मशीन तेवढं कोकिळाने जुन्या पडद्याची खोळ शिवून कोपऱ्यात झाकून ठेवलं.

दवाखान्यातून त्याचा शेवटचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलवत नव्हतं. "लय दम लागून राह्यला," तो म्हणाला होता. "फोनवर बोलणं होत नाही. तुह्यासाठी थोडं रेकॉर्ड करून ठेवलं हाय. ते आपोआप माह्या नेटवरच्या खात्यात चढते, घरच्या मशीनवर दिसन. पाहजो." पाहजो म्हणाला आणि फोन कटला. पुढे माणूस आला नाही आणि त्याचा मोबाइलही आला नाही. त्या धांदलीत कुणाचं काय कुठे गेलं, कोण कुणाला विचारणार!

आता कुणी म्हणेल, मग इतके दिवस ही बाई करत काय होती? म्हणणाऱ्याचं काय जातं! क्लास बंद पडल्यावर केबलवाला तार गुंडाळून घेऊन गेला, घरात नेट उरलं नाही, हे ती सगळ्यांना सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. जोवर ते ऐकलं नाही, तोवर भागवतचं एक बोलणं यायचं बाकी होतं. ऐकलं की संपलं. मग त्याच्याकडून या जन्मात काही म्हणता काही यायचं उरणार नव्हतं. म्हणून ती खोळीवरची धूळ झटकायची, पण खोळ काढायची नाही.

आणि मग अकोल्याहून प्रेरणाचा फोन आला. लेक तिथे शिकायला होती. वडिलांच्या खात्याला तिचा मेल जोडलेला असल्यामुळे कंपनीची सूचना तिच्याकडे आली: हे खातं फार दिवसांत कुणी उघडलेलं नाही, महिनाअखेर ते आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. पासवर्ड भागवतसोबत गेला. नवा मागावा, तर खूण पटवायचे आकडे त्याच्याच जुन्या नंबरवर जाणार, आणि तो नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाचा होऊन बसलेला.

"मम्मी, पप्पाच्या मशीनवर ते खातं उघडंच राहत होतं," प्रेरणा म्हणाली. "त्या मशीनले कसंही करून नेट दे. पण त्याच्यातलं काही पुसू देऊ नको. ते पुसलं तं आपलं दारच बंद झालं समज."

झालं. कोकिळाने त्याच दिवशी खोळ काढली आणि गोविंदाला निरोप धाडला.

गोविंदा अंगठ्याएवढा एक वायफायचा डोंगल घेऊन आला. नेट कोकिळाच्या मोबाइलमधून येणार, ते हवेतून पकडायचं काम डोंगलचं. "पण हा मशीनसाठी नवा पाव्हणा हाय," त्याने समजावून सांगितलं. "मशीन त्याले वळखत नाही. वळख करून देते तो ड्रायव्हर." ड्रायव्हरची सीडी डोंगलसोबत आली होती, पण मशीनचा सीडीचा ट्रे काही केल्या बाहेर येईना. तेव्हा त्याने दुकानात जाऊन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून आणला. पेनड्राइव्ह लावायचे मागचे पोर्ट आणि नेटच्या केबलचं भोक एका पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हाच जळाले होते. राहिले पुढचे दोन, त्यांतला एक माऊसने अडवलेला. दुसऱ्यात पेनड्राइव्ह लावला तर मशीन ढिम्म. नवा पाहुणा राहू द्या, ते जुन्यालाही दारात उभं करीना. म्हणून मग ती फॉरमॅटची गोष्ट निघाली होती.

"काकू, विंडोजच खराब झालं असन. दुसरा काही मार्ग दिसून नाही राह्यला," गोविंदा आता हळू आवाजात म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. सरांनी त्याच्याकडून फी कधी मागितली नव्हती, हे तो विसरला नव्हता.

कोकिळा मशीनसमोर खाली बसली. पेनड्राइव्ह पोर्टात पुरता शिरतच नव्हता, नखाएवढा बाहेर राहत होता. ते तिने पाहिलं.

"गोविंदा, तुह्या मोबाइलची बॅटरी लाव बरं. ह्या भोकात पाह्य."

गोविंदाने उजेड पाडला, डोळा बारीक केला. "हे काय हो काकू? आत लाल लाल दिसून राह्यलं."

कोकिळाने ओळखलं. दर दसऱ्याला, आदल्या दिवशी खंडेनवमीलाच म्हणा ना, या घरात विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन आणि क्लासचे सगळे कम्प्युटर ओळीने पुजले जायचे. सरांच्या मशीनची पूजा तिची. ओलं हळदकुंकू बोटावर घ्यायचं, बटनाखाली टेकवायचं, वर अक्षता, वर झेंडू. आणि भागवत दरवर्षी मागून ओरडायचा, "अवं, पोर्टात चाललं ते! मशीन हाय ते, देवीचं कपाळ नाही!" ती म्हणायची, "तुमचं पोट भरते ते, मंग देवीच झाली ना?" तो कपाळावर हात मारायचा आणि हसायचा. किती वर्षांचं कुंकू त्या भोकात उतरलं, ओलं असताना उतरलं आणि आत वाळून दगड झालं. त्याने ओरडायचं, तिने लावायचं. आता त्याच्या आवाजाकडे जायचं एकच दार उरलं होतं, आणि ते तिनेच आपल्या हाताने लिंपून टाकलं होतं.

"मीच केलं हे," ती म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला. "बापा रे, मीच केलं."

"काकू, रडू नका. कुंकूच हाय, काही जळलं नाही. निघते हे."

गोविंदाने वायर काढली, मशीन आडवं केलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. लाकडी काडीने आणि ब्रशने तो पोर्ट कोरू लागला, मधून मधून स्पिरिटचा थेंब सोडत होता. लाल खपल्या पडल्या. पिवळ्या पडल्या. काळा पडलेला तांदळाचा तुकडा निघाला. झेंडूची एक पाकळी निघाली, हात लावताच तिची माती झाली. कोकिळा प्रत्येक खपली पडताना पाहत होती. भागवत गेल्यापासून तिने कुंकवाला बोट लावलं नव्हतं. पहिल्या खंडेनवमीला तिने सवयीने करंडा उचलला, तर शेजारी राहणारी थोरली जाऊ, कलाबाई, पुढे आली आणि म्हणाली, "तू राहू दे कोकिळा, मी लावतो." वाईट बोलली नाही, गोडच बोलली. पण करंडा हातातून गेला तो गेला. तेव्हापासून सगळ्या अवजारांना कलाबाई कुंकू लावायची आणि कोकिळा दाराशी उभी राहायची. त्या मशीनची तर खोळही निघायची नाही.

गोविंदा कागद गोळा करून बाहेर निघाला, तशी ती म्हणाली, "फेकू नको ते. इकडे दे." तिने कागदाची पुडी बांधली आणि मुठीत धरून बसली.

पेनड्राइव्ह या वेळी आतपर्यंत बसला. पडद्यावर त्याचं नाव उमटलं. गोविंदाने पहिला ड्रायव्हर टाकला, मशीनने तो परत फेकला. तो नव्या विंडोजचा निघाला. गोविंदाने जीभ चावली. "थांबा, जुनाही आणला हाय." दुसरा टाकला. हिरवी पट्टी निम्म्यावर येऊन अडकली, तशी कोकिळाने डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यावं तर कोणत्या देवाचं, तेही सुचेना.

"बसला," गोविंदा म्हणाला.

त्याने पेनड्राइव्ह काढून त्याच भोकात डोंगल लावला. डोंगलचा बारका दिवा लुकलुकला. मोबाइलचं नेट सापडलं. तरी पान उघडेना. मशीन इतके दिवस बंद राहिल्याने त्याचं घड्याळ कुठल्या कुठे मागे गेलं होतं. गोविंदाने आजची तारीख घातली, आणि पान उघडलं. कोपऱ्यात भागवतचा फोटो आला, क्लासच्या भिंतीपुढे काढलेला, चष्मा कपाळावर. खातं उघडंच होतं. कुणी काही विचारलं नाही, आकडे नाही, पासवर्ड नाही. जणू सर जेवायला उठले होते.

सगळ्यात शेवटी एक रेकॉर्डिंग होतं. गोविंदाने आधी ते मशीनमध्ये उतरवून घेतलं, मग डोंगल काढून पेनड्राइव्हवरही घेतलं.

"आता महिनाअखेर येवो नाही तं काही येवो, हे पुसल्या जात नाही. आजच आयकायची घाई नाही काकू. वाटलं तं मंग आयका."

ही वाट तिच्या मनात आलीच नव्हती. न ऐकता जपता येणार होतं! पुन्हा खोळ घालावी, पुन्हा धूळ झटकावी. बोलणं बाकीचं बाकी. तिने खोळीकडे हातही नेला. तेवढ्यात तिला तो बोलताना दिसला, दम लागलेला, एकेक शब्द जमवणारा. तिच्यासाठी जमवलेलं, आणि ती त्याला ताटकळत ठेवून बसलेली.

"किती दिवस त्याहिले मधातच थांबवून ठेवू?" ती म्हणाली. "लाव."

त्याच वेळी दारात कलाबाई आली. आज खंडेनवमी होती. हातात पूजेचं ताट, त्यात करंडा, अक्षता, झेंडू. ती काही विचारणार तोच स्पीकर खरखरला आणि भागवतचा आवाज खोलीत आला. कलाबाई उंबऱ्यातच थबकली.

"कोकिळा... मी बोलून राह्यलो." मागे कसलंसं यंत्र टुकटुक करत होतं. "इथं बरं हाय. वरणात मीठ नसते, तेवढंच." लांब श्वास. "प्रेरणाले म्हण, शिकणं सोडू नको." पुन्हा श्वास, मग खोकला, मग इतका वेळ काहीच नाही, की गोविंदा पडद्याजवळ सरकला. "आन आयक. दसऱ्याले मी घरी असलो तं हायच. नसलो... नसलो तं मशीनची पूजा बंद पाडू नको. कुंकू तूच लावजो. कुणी काही म्हणन, तं म्हणो. दुसऱ्या कुणाच्या हातानं नाही. तूच." टुकटुक, टुकटुक. "फक्त त्या पोर्टात नको भरू बापा. किती वर्सं सांगून राह्यलो. बटनावर लाव."

एवढंच होतं. आवाज थांबला.

गोविंदाने तोंड फिरवलं. कोकिळा रडली, मोठ्याने रडली, दवाखान्यातून निरोप आला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. संपलं, हे तिला कळत होतं. आता काही यायचं बाकी नव्हतं.

कलाबाई उंबरा ओलांडून आत आली. मशीनसमोर बसली. तिने करंडा उघडला, दोन थेंब पाणी घालून कुंकू कालवलं, सवयीने बोट बुडवायला नेलं आणि तिथेच थांबली. मग तिने ताट उचलून कोकिळापुढे ठेवलं.

"भाऊजीनं तुले सांगतलं हाय," ती म्हणाली. "लाव."

कोकिळाने मुठीतली पुडी बाजूला ठेवली. बोट कुंकवात बुडवलं. तिने ते मशीनच्या बटनावर टेकवलं, नीट, मधोमध. कुंकू जरा जास्तच ओलं झालं होतं. त्याचा एक ओघळ खाली पोर्टाकडे निघाला. तिने तो पदराच्या टोकाने मधेच टिपून घेतला.