भट्टीवरची नजर

चिकलठाण्याच्या सोसायटीत सुट्टीचं शिबिर भरलं. दमयंती मॅडमनी पोरांना मांजराच्या तोंडाची बिस्किटं करायला शिकवलं. स्वतः घडवायची, स्वतःच विकायची. ट्रे मुनीरचाचाच्या भट्टीवर भाजायला न्यायचे ठरले, तशी शिबिरातल्या शरयूची आजी चतुराबाई पदर खोचून उठली. तूप तिचं होतं, पाचोडहून आणलेलं.

"तुमी जा मॅडम. मी नजर ठेवते."

चतुराबाईचा गिरणीवाल्यावर भरवसा नव्हता, सोनारावर नव्हता, मग भट्टीवाल्यावर कुठून असणार? शरयूला घेऊन ती गेली आणि भट्टीसमोर स्टूल ओढून तिनं ठाण मांडलं. चाचानं चहा मागवला, तोही तिनं आधी हुंगून पाहिला. तुपाचा डबा बोटानं निपटायला तेवढी एकदा मान खाली घातली, आणि वर पाहिलं तर बाहेर आलेल्या ट्रेमधलं एक मांजर गायब!

"गिळलंस ना? लेकरांचं खातोस?" तिनं सगळी भट्टी डोक्यावर घेतली.

"अम्मा, वो देखो," चाचानं काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं. पावांच्या पुढं मांजर ऐटीत बसलं होतं.

"आजी, मीच दिलं ते," शरयू म्हणाली. "नमुना म्हणून. गिऱ्हाइकानं विचारलं की चाचा आमचं नाव सांगणारेत."

चतुराबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "चल घरी," ती पुटपुटली.

शरयूनं तेच स्टूल कपाटासमोर ओढलं आणि त्यावर चढून बसली.

"चाचा खरंच नाव सांगतात का नाय, कुणाला ठाऊक? तू जा आजी. मी नजर ठेवते."