घोडबैठक

मासे साफ करण्याच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून घरी आलं, की श्यू-ल्येनला फक्त आडवं व्हावंसं वाटायचं. तरी ती देव्हाऱ्यात उदबत्ती लावायची आणि घोडबैठक घ्यायची. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ. उदबत्ती विझेपर्यंत हलायचं नाही. देवळाच्या अंगणात कुंगफू शिकवणाऱ्या लियाओ मास्तरांनी पहिला धडा म्हणून एवढंच दिलं होतं.

"कंबरेने माणूस उचलतेस, म्हणून कंबर धरते. आधी पाय कमव. ठोसेबिसे मग बघू," ते म्हणाले होते.

उचलायचं होतं सासूला. अर्धांगवायूने म्हातारीची एक बाजू गेली होती. मागे एकदा तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवताना श्यू-ल्येनच्या कंबरेत कळ आली आणि दोघी जमिनीवर आल्या. पुन्हा असं झालं तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, असं नवऱ्याने सांगून टाकलं. बोलून मोकळा झाला. उचलायला काही आला नाही.

"आ-ल्येन, घोडा लंगडतोय गं," सासू पलंगावरून म्हणायची.

"हसवू नका आई, पडेन."

"पड खुशाल. मी काही उचलायला येणार नाही."

अर्ध्या उदबत्तीलाच मांड्या लटपटायच्या. रोज तेच. जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

एका संध्याकाळी मात्र तिने गुडघे वाकवले, सासूच्या काखेतून हात घातले आणि एका दमात तिला उचलून खुर्चीत बसवलं. कळ नाही, काही नाही.

"बघितलंत आई? जमलं!"

"जमणारच," सासू म्हणाली आणि सदऱ्याची बाही उगाच नीट करू लागली.

तिची विजार वर ओढताना नाडीचं लांबच लांब टोक श्यू-ल्येनच्या हाताला लागलं. म्हातारीच्या कंबरेची नुसती हाडं उरली होती. रोज चाटूनपुसून रिकामी मिळणारी पेजेची वाटी तिला आठवली, आणि पलंगाजवळच्या खिडकीत ठाण मांडून बसणारं शेजाऱ्यांचं गलेलठ्ठ मांजरही.

"आई, माशाची पेज कोण खातं?"

सासूने नजर चुकवली. "तू एकटीने किती मरायचं? म्हटलं, माझ्या बाजूनेही थोडं ओझं हलकं करावं."

श्यू-ल्येनला संताप आला, लाज वाटली, पण रडण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तिने पेज गरम करून आणली आणि खिडकी लावून घेतली.

"खाईन, पण जड होईन गं," तोंडाशी आलेला चमचा बघत सासू म्हणाली.

"व्हा."