भुसा गिळणारी भट्टी

मित्रांनो, आज जरा माझं ऐका. मी एक जुनी, गळ्यापर्यंत काळवंडलेली भट्टी. शेडमध्ये मला जोडलं तेव्हा मी इतकी चकचकीत होते की वेल्डर माझ्यात बघून भांग पाडायचा!

माझं काम तसं सोपं. लाकडाच्या वखारीतला भुसा पोटात घ्यायचा आणि हवा लागू न देता सणसणीत तापवायचा. त्याची वाफ नळीतून जाऊन गार झाली की काळपट, आंबूस वासाचं तेल ठिबकतं. त्या तेलावर पलीकडच्या साबण कारखान्याचा बॉयलर चालतो. "कचऱ्याचं सोनं केलंत!" म्हणत पाहुणे मला बनवणाऱ्या मिस्त्रींची पाठ थोपटायचे. मीही फुशारून जायचे.

पण तो कचरा नव्हता. वखारीमागची कुंभारीण तोच भुसा टोपल्या भरून फुकट न्यायची आणि त्यात कुंड्या पुरून आवा पेटवायची. भुसा दिवसभर धुमसायचा, कुंड्या सावकाश भाजून निघायच्या. मी आले आणि सगळा भुसा माझ्याच घशात जाऊ लागला. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

एकदा ती रिकामी टोपली घेऊन शेडच्या दारात आली. रोपवाटिकेला द्यायच्या कुंड्या वाळून तयार होत्या, भाजायला भुसा नव्हता. मिस्त्री ओशाळले. मनाने चांगला माणूस! त्यांनी माझ्या तेलाचा डबा तिच्या हातात दिला.

"ताई, हे भुशाचंच तर आहे. लाकडांवर ओता, काम होईल."

ते तेल आधी पेटता पेटेना आणि पेटलं तेव्हा एकदम भडकलं. कुंड्या तडातडा फुटल्या. दुसऱ्या दिवशी तिने उरलेलं तेल आणून मिस्त्रींपुढे ठेवलं.

"भाऊ, तुमचं सोनं तुम्हालाच राहू द्या. मला आपला कचराच द्या."

मिस्त्रींना मान वर करवेना. माझ्यासाठी आणलेलं पोतं त्यांनी तिच्या टोपलीत रिकामं केलं. पण तिने नव्या कुंड्या घडवेपर्यंत रोपवाटिकेने प्लास्टिकच्या कुंड्या घेतल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखी यंत्रं बनवेल. जरूर बनवा. फक्त कशालाही कचरा म्हणण्याआधी आजूबाजूच्या घरांत एकदा विचारून या. मला अजूनही पोटात पडणारा भुसा चोरीचा वाटतो.