लागेल कधीतरी

शिंप्याला घरातली एकही वस्तू टाकवत नसे. मोडका चष्मा असो की बंद घड्याळाचा पट्टा, बायकोने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला की हा दोन बोटांनी उचलून परत आणायचा आणि म्हणायचा, "असू दे गं, लागेल कधीतरी." त्या 'कधीतरी'ची सोय म्हणून त्याने दुकानातलं जुनं लाकडी कपाट घरी आणून ठेवलं होतं. त्याचा तिसरा खण ओढला की असा किंचाळायचा की शेजाऱ्यांनाही कळावं, यांच्याकडे काहीतरी शोधाशोध चाललीय. त्या खणात सगळे चार्जर होते. ज्या फोनांचे आणि लॅपटॉपांचे ते होते, ते केव्हाच भंगारात गेले होते. चार्जर मात्र वायरींची वेटोळी करून, दोऱ्याने बांधून, शिस्तीत बसले होते.

गल्लीत त्याला रेडिओ म्हणत. माप घेताना त्याच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत आणि तरी तो बोलत असे. आजवर एकही टाचणी त्याने गिळली नाही याचं गिऱ्हाइकांना फार नवल वाटायचं. कोट शिवायला टाकलेला माणूस कोट घ्यायला म्हणून यायचा आणि तासाभराने हसत हसत कोट तिथेच विसरून जायचा. घरी आल्यावर दिवसभरातलं सगळं पुन्हा बायकोला ऐकावं लागे. ती भाजी चिरता चिरता हूं हूं करायची आणि मधेच म्हणायची, "अहो, श्वास तरी घ्या."

मग आजार आला. आधी हातातून कात्री निसटली, मग चमचा. मग पाय गेले आणि सगळ्यात शेवटी जीभ. डॉक्टरांनी सांगितलं की बाकी सगळे स्नायू जातील, पण डोळे, कान आणि डोकं अगदी ठणठणीत राहील. हे त्यांनी असं सांगितलं, जणू काही त्यावर पेढेच वाटायचे होते.

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तिने वडिलांसाठी नवा लॅपटॉप पाठवला. त्याला डोळे वाचणारा कॅमेरा होता. पडद्यावरच्या अक्षरावर नजर ठरवली की ते अक्षर उमटायचं, आणि शेवटी 'बोल' या चौकोनाकडे पाहिलं की लॅपटॉप ते वाक्य मोठ्याने म्हणायचा. आवाज कुठल्यातरी परक्या माणसाचा, चुकीचा नंबर लागल्यावर ऐकू येतो तसला. पण त्यातून शिंप्याने काढलेलं पहिलं वाक्य शंभर टक्के त्याचंच होतं. समोरच्या खिडकीला बायकोने स्वतः शिवून लावलेल्या पडद्याकडे बघत तो म्हणाला, "शिलाई वाकडी आहे." ती हसता हसता रडली आणि रडता रडता पुन्हा हसली.

ते दिवस टिकले नाहीत. एकेक अक्षर डोळ्यांनी वेचायचं म्हणजे माणूस थकतो. गप्पा लांब असतात, त्या परवडत नाहीत. मागण्या आखूड असतात. हळूहळू गप्पा गेल्या आणि मागण्या राहिल्या. उशी. डावीकडे. तिकडे नाही. पंखा. पाय. माशी. पुन्हा माशी. आणि त्या यंत्राला आर्जव म्हणून करता येत नाही. सगळं एकाच सुरात, हुकूम सोडल्यासारखं. ती उठायची, बसली की लगेच पुन्हा उठायची. चहा प्यायला बसली आणि तो गरम असतानाच संपला, असं तिला आठवतही नव्हतं.

अशात एक दिवस त्याची चाकांची खुर्ची ढकलताना चाक चार्जरच्या वायरवरून गेलं आणि वायर आतून तुटली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मी नवा मागवते, पण यायला वेळ लागेल." मग बायकोने तिसरा खण ओढला. मुलीच्या कॉलेजच्या लॅपटॉपचा जुना चार्जर निघाला, पण त्याची पिन गोल आणि नव्या लॅपटॉपचं भोक चपटं. ती तशीच कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवालीकडे गेली. दुरुस्तीवालीने बोटाच्या पेराएवढा एक अडॅप्टर काढून दिला. एका बाजूने गोल पिन आत जायची, दुसऱ्या बाजूला चपटं तोंड.

घरी येऊन तिने सगळं जोडलं. लॅपटॉपच्या कडेचा बारीक दिवा लागला. शिंप्याचे डोळे भराभर अक्षरांवरून फिरले आणि तो परका आवाज म्हणाला, "लागलं ना कधीतरी."

"लागलं हो, लागलं," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी घरात काहीतरी मनासारखं झालं होतं.

दिवा लागला म्हणजे काम झालं, असाच या घराचा समज. पण संध्याकाळी बघते तर दिवा चालू आणि बॅटरी सकाळपेक्षा कमी. तिने दुरुस्तीवालीला फोन लावला.

"काकू, पिन बसली तरी चार्जरची ताकद तेवढीच राहणार ना," ती म्हणाली. "तो जुना, लहान लॅपटॉपचा. बारीक धारेने बादली भरायची आणि त्याच बादलीतून कोणीतरी तांब्याने पाणी उपसतंय, असं चाललंय. कॅमेरा चालू असला की जास्तच खातं. बंद करून ठेवाल तेव्हा भरेल."

म्हणजे त्याने गप्प बसायचं, तेव्हा कुठे त्याला बोलता येणार. तिने त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

मग सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ, असं ठरलं. बाकी वेळ ती लॅपटॉप मिटायची. "भरू दे हं आता," असं म्हणत मिटायची, तान्ह्याला निजवताना बोलतात त्या आवाजात. पहिल्या दिवशी तिला मिटताना भडभडून आलं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली आणि तो शेवटच्या घोटापर्यंत गरम होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गाढ झोपली. तिला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली, पण किळस आली म्हणून बरं वाटायचं काही थांबलं नाही.

एका सकाळी कुरिअरवाला खोका देऊन गेला. खोक्यावर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव होतं. ती तो हातात धरून उभी राहिली. आतल्या खोलीत लॅपटॉप नुकताच मिटलेला होता. उद्या लावू, ती मनात म्हणाली, आज जरा पडते. तिसरा खण तिने अगदी हळू, जीव मुठीत धरून ओढला, तरी तो मेला किंचाळलाच. ती कान देऊन थांबली. आतून काही आवाज आला नाही. येणार कुठून?

उद्याचा परवा झाला. दोन्ही दिवस ती त्याच्याशी फार गोड वागली. उशी न सांगता सरकवली, पंखा आपणहून कमी केला, आणि लॅपटॉप मात्र वेळेआधीच मिटला. एकदा ती फरशी पुसायला आत गेली तेव्हा त्याच्या डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने माशी हाकलली. तो तिच्याकडे बघत होता. ती पदराने त्याचा गाल पुसत म्हणाली, "आलेच," आणि बाहेर निघून गेली.

मग मुलीचा फोन आला. ही भांडी घासत होती, हात फेसाने भरलेले, म्हणून स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"आई, चार्जर चालतोय ना नीट?"

"अगं, आलाय कुठे अजून?"

"म्हणजे काय? परवाच पोचलाय. मला मेसेज आलाय तसा. तूच घेतलास असं लिहिलंय त्यात."

"शेजारी दिला असेल चुकून," ती म्हणाली. "बघते मी."

"लगेच बघ हं. बाबा बिचारे किती कोंडून..."

तिने ओल्या हातानेच फोन बंद केला. मागे वळली तर आतल्या खोलीचं दार सताड उघडं. जीभ गेली होती, कान कुठे गेले होते?

तिने आत जाऊन लॅपटॉप उघडला. अडॅप्टर तापतोय म्हणून सकाळी तिनेच तो काढून ठेवला होता, आणि बॅटरी अगदी तळाला लागली होती. लावायला हवा, हे तिला दिसत होतं. पण तो आधीच अक्षरं शोधायला लागला होता आणि तिचे पाय जागचे हलेनात.

"तिसरा खण," तो आवाज म्हणाला.

तिने तोंडावर हात ठेवला.

"ऐकला होता."

"अहो, चुकलं माझं. मी अशी दमले होते, मला वाटलं, एक दिवस, एकच..."

तो थांबला नाही. त्याला बॅटरीचा आकडा दिसत होता. डोळे घाईने फिरत होते, एका अक्षरावर चुकून दुसऱ्यावर जात होते. पडद्यावर उमटलं: मी फार. मग पडदा काळा झाला. त्यात तिला तिचाच चेहरा दिसला.

ती धावली. खण किंचाळला. खोका तिने दातांनी फाडला, नवी वायर सोडवली आणि चपटी पिन लॅपटॉपात घुसवली. दिवा लागला. या वेळी खराखुरा लागला. अक्षरं पुन्हा ओळीने येऊन उभी राहिली. अर्धं वाक्य मात्र गेलं होतं. तिने लॅपटॉप त्याच्या समोर नीट, हवा त्या उंचीवर ठेवला.

"बोला," ती म्हणाली. "मी फार काय? फार बोलतो? फार त्रास देतो? अहो, काय म्हणत होता?"

त्याने डोळे मिटून घेतले.

झोप लागली असेल असं तिला क्षणभर वाटून गेलं, पण पापण्या थरथरत होत्या. त्याच्याजवळ आता नाही म्हणायची तेवढीच एक रीत उरली होती आणि ती त्याने वापरली होती. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. हात धरला, माफी मागितली, चिडली, पुन्हा माफी मागितली.

"तो पडदा उसवून पुन्हा शिवते मी," ती म्हणाली. "वाकडाच आहे मेला. बघा तरी एकदा, किती वाकडा आहे. सांगा मला कुठून उसवू."

संध्याकाळपर्यंत बॅटरी काठोकाठ भरली. तो डोळे मिटूनच होता.