डॉक्टरांनी नळ काढला

दातांच्या डॉक्टरांना समुद्राची फार हौस होती असं नाही. त्यांना फक्त थोडे दिवस कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. कुणाकडे जेवायला जावं, तर पहिला घास घ्यायच्या आत कुणीतरी खुर्ची जवळ ओढणार आणि ‘जरा बघता का?’ म्हणत आ वासणार. म्हणून बायकोने समुद्रकाठच्या एका घरात दोन खोल्या ठरवल्या आणि हत्यारांची बॅग घरीच राहील अशी शपथ त्यांना घ्यायला लावली.

गाडीत मागे सासूबाई होत्या. घाट उतरताना दर वळणावर झाडांतून समुद्र डोकावायचा आणि दर वळणावर त्या ओरडायच्या, “जावईबापू, थांबा, थांबा!” शेवटी एका चहाच्या टपरीशी ते थांबले. डॉक्टरांनी कप हातात घेऊन एक लांब श्वास घेतला.

“आमचे जावईबापू दातांचे मोठे डॉक्टर बरं का!” सासूबाईंनी तेवढ्यात सांगूनही टाकलं.

चहावाल्याने किटली खाली ठेवली आणि तोंड उघडलं. समोर निळाशार समुद्र आणि मध्ये चहावाल्याची अक्कलदाढ.

गाडीत बसताच डॉक्टर म्हणाले, “आता पुढे मी डॉक्टर नाही.”

“मग कोण?” बायकोने विचारलं.

“कुणीही. नळ दुरुस्त करणारा.”

“माझ्या तोंडाला कुलूप,” सासूबाई म्हणाल्या आणि खरंच पुढचा रस्ता गप्प बसल्या.

घर छान होतं. ओसरीसमोर वाळू, वाळूपलीकडे पाणी. घरमालकीणबाईंनी किल्ल्या देता देता सहज विचारलं, “काय करता आपण?”

“नळ दुरुस्त करतो.”

“अगं बाई, देवच पावला! न्हाणीघरातला नळ सारखा गळतोय. एरवी आमचे हेच बघतात, पण कालपासून गाल सुजवून पडलेत. दादा, जरा बघता का?”

बायकोने ‘आता भोगा’ अशा नजरेने पाहिलं. बाईंनी पाना हातात दिलासुद्धा. डॉक्टरांनी विचार केला, दाढेच्या मुळापर्यंत जाणाऱ्या माणसाला नळ तो काय! त्यांनी नळावर टकटक केलं, सवयीने ‘जरासं दुखेल हं’ असंही पुटपुटले आणि पाना लावून नेटाने फिरवला.

नळ मुळासकट हातात आला. पाण्याची धार थेट छताला लागली. बाई किंचाळल्या. ते ऐकून त्यांचे यजमान गालाला मफलर बांधलेल्या अवस्थेत अंथरुणातून धावत आले आणि टाकीची चावी बंद करून, भिंतीला टेकून कण्हत उभे राहिले.

डॉक्टरांच्या अंगावरून पाणी निथळत होतं, पण लक्ष सगळं त्या गालाकडे. ते पुढे झाले. “आ करा.”

यजमान मागे सरकले आणि बाई मध्ये पडल्या. “दादा, नळाचं झालं ते झालं. आता माणसाला हात लावू नका!”

“अहो, मी दातांचा डॉक्टर आहे.”

“मघाशी नळवाले होतात. संध्याकाळी वैमानिक व्हाल!”

“खरंच डॉक्टर आहेत हो,” बायको म्हणाली.

“तुम्ही त्यांचीच बाजू घेणार.”

इतका वेळ गप्प असलेल्या सासूबाई मग पुढे आल्या. त्यांनी तोंडातल्या दोन्ही कवळ्या काढून तळहातावर मांडल्या आणि बोळक्या तोंडाने ठणकावलं, “दावईबापूंनी केय्यात!”

बाईंनी कवळ्या चहूबाजूंनी न्याहाळल्या, नखाने वाजवून पाहिल्या. “काम सुबक आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरसाहेब, पण हत्यारं?”

डॉक्टर बायकोची नजर चुकवत गाडीपाशी गेले आणि स्टेपनीखालून बॅग काढून घेऊन आले. बायकोने पदर खोचला आणि ती बॅटरी धरून उभी राहिली.

यजमानांना ओसरीवर उजेडात बसवलं. काय काय औषधं चालतात ते विचारून भूल दिली. दाढ पार कामातून गेली होती. ती निघाली, साचलेला पू वाहून गेला आणि थोड्या वेळाने यजमानांनी डोळे उघडून पहिल्यांदाच पाहुण्यांकडे नीट पाहिलं. या खेपेला मुळासकट निघालं ते निघायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सूज बरीच उतरली. यजमानांनी स्वतः नवा नळ बसवला. डॉक्टर मदतीला गेले, तर त्यांनी पाना पाठीमागे लपवला.

मग नवराबायको पाण्यात पाय बुडवून उभे राहिले. बायको म्हणाली, “काल दाढ काढताना गुणगुणत होतात.”

“छे! मी?”

“तुम्हीच. तोंडांचा कंटाळा आलाय ना तुम्हाला?”

“आलाय की,” डॉक्टर म्हणाले. लाट आली, गुडघे भिजवून गेली. मग ते हळूच म्हणाले, “पण काय सुरेख दाढ होती गं! तीन मुळं, एकही मोडलं नाही.”

बायको इतकी हसली, इतकी हसली, की तोल सांभाळायला तिला त्यांचाच सदरा धरावा लागला.